मालक कोण? माथाडी ते डिलिव्हरी कामगार

१/ मुंबईच्या बाजारांतला माथाडी सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्याचा. मालक अनेक, म्हणून कायद्याच्या लेखी मालकच नाही. भविष्य निर्वाह निधी, रजा, नुकसानभरपाई यांपासून तो वंचित राहिला.

२/ अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या हमालांची संघटना उभारली. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने एकच मालक शोधण्याचा हट्ट सोडला. कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवरील लेव्ही तेथे भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची.

३/ अ‍ॅपवर काम घेणाऱ्या डिलिव्हरी कामगारापुढे आज तोच पेच आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' ही संज्ञा आणली, पण पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचा अशीच त्याची व्याख्या केली.

४/ संघटनांच्या पाठपुराव्याने राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला : मंडळ, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. साचा ओळखीचा आहे. मात्र माथाडी मंडळाच्या हाती मजुरीही होती. येथे कामाचा दर अजून अ‍ॅपच ठरवते. पुढचा लढा त्या दरासाठी आहे.