गॅरेजमधील नाणेयंत्रे : एक उपेक्षित साधन

अमेरिकेत घरातील जुने सामान गॅरेजपुढे मांडून विकण्याची प्रथा आहे. अशा विक्रीत कधीकधी नाणे टाकून खेळावयाची जुनी व्हिडिओ-यंत्रे आढळतात. त्यांस निव्वळ कुतूहलाची वस्तू समजणे योग्य नव्हे. १९७२ च्या 'पाँग'पासून ही यंत्रे मद्यगृहांत व दुकानांत ठेवली जात. मिळकत यंत्रमालक व दुकानदार वाटून घेत. एखादा खेळ चालेनासा झाला की यंत्रमालक लाकडी पेटी तीच ठेवून आतील सर्किट बोर्ड व वरील नामफलक तेवढे बदलीत. जुना लेख घासून पुन्हा कोरलेल्या ताम्रपटासारखीच ही पेटी होय.

याचे बोलके उदाहरण खुद्द उत्पादकाचेच आहे. निन्टेन्डोची 'रडार स्कोप' यंत्रे अमेरिकेत पुरेशी खपली नाहीत. तेव्हा १९८१ मध्ये त्याच तांबड्या पेट्यांत 'डाँकी काँग' बसविण्यात आला. पुढे या खेळाच्या पेट्या निळ्या निघाल्या. म्हणून गॅरेजात मिळालेली तांबडी पेटी ही एका फसलेल्या व्यापाराचा पुरावा ठरू शकते. परंतु हौशी संग्राहक यंत्रास 'मूळ रूप' देण्याच्या भरात रंगाचे थर खरवडतात, नाणेपेटीवरील चिठ्ठ्या काढून टाकतात. शोभा वाढते, साधन मात्र नष्ट होते. त्या तांबड्या पेटीचे मूळ रूप तरी कोणते मानावयाचे, 'रडार स्कोप' की 'डाँकी काँग'?