फॅक्टरी पॅटर्न : वस्तू घडविण्याचे काम एकाच जागी

संकेतस्थळाच्या आज्ञावलीत लागणारे ‘ऑब्जेक्ट’ कोठे आणि कोणी निर्माण करावेत, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. संकेतस्थळाचा व्याप वाढू लागला, की मात्र पुढील प्रत्येक दुरुस्तीचा खर्च त्याच्या उत्तरावर अवलंबून राहतो. ‘फॅक्टरी पॅटर्न’ हे या प्रश्नाचे रूढ झालेले उत्तर होय.

एरिश गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसाइड्स या चौघांनी १९९४ साली ‘डिझाइन पॅटर्न्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात वारंवार उपयोगी पडणारे २३ रचनाबंध दिले आहेत. त्यांपैकी पाच ऑब्जेक्टच्या निर्मितीविषयी असून ‘फॅक्टरी मेथड’ आणि ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट फॅक्टरी’ हे त्यांतलेच दोन. पहिल्यात कोणत्या प्रकारचा ऑब्जेक्ट घडवायचा याचा निर्णय उपक्लासवर सोपविलेला असतो. दुसऱ्यात परस्परांशी जुळणाऱ्या ऑब्जेक्टचा संचच घडविला जातो.

एक उदाहरण घेऊ. पुस्तके विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर कार्ड आणि नेट बँकिंग अशा दोनच पद्धतींनी पैसे स्वीकारले जात होते. खरेदी, वर्गणी, परतावा अशा प्रत्येक पानावर त्या त्या क्लासचा ऑब्जेक्ट थेट निर्माण केलेला होता. भारतात २०१६ साली ‘यूपीआय’ आले आणि ही सारी पाने उघडून दुरुस्त करण्याची वेळ आली. एखादे पान नजरेतून निसटले, तर तेथे ग्राहकाचा व्यवहार अडणार!

फॅक्टरी असती, तर प्रत्येक पानाने तिला केवळ पद्धतीचे नाव सांगितले असते आणि योग्य तो ऑब्जेक्ट तिने हाती दिला असता. ‘रक्कम घेणे’ व ‘रक्कम परत करणे’ ही कामे सर्व क्लास सारख्याच नावांनी करीत असल्याने आत कोणता क्लास आहे, हे पानाला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. मग यूपीआयसाठी एक नवा क्लास लिहावा आणि फॅक्टरीत त्याची नोंद करावी, इतके पुरते. चाचणीच्या वेळी खऱ्या ऑब्जेक्टऐवजी नकली ऑब्जेक्ट देता येतो, हा आणखी एक लाभ. कोणाच्याही खात्यातून पैसे न जाता व्यवहार तपासता येतो.

ब्राउझरमधील ‘क्रिएट एलिमेंट’ ही सुविधाही याच धर्तीची आहे. तिला टॅगचे नाव सांगितले, की परिच्छेद, चित्र किंवा तक्ता यांचा ऑब्जेक्ट मिळतो.

मात्र जेथे एकच प्रकार आहे आणि दुसरा येण्याची चिन्हे नाहीत, तेथे फॅक्टरी उभारणे म्हणजे नसता पसारा. आज्ञावली वाचणाऱ्याला एक जादा टप्पा ओलांडावा लागतो, पदरात काहीच पडत नाही. बदल कोठे संभवतो हे आधी ओळखावे आणि तेथेच फॅक्टरी योजावी, हे उत्तम.