दोन मापांनी लहान

गिर्यारोहणाच्या एका जुन्या इंग्रजी वृत्तान्ताचा अनुवाद करताना मी बुटांपाशी अडले. प्रसंग साधाच होता. चढाईच्या आदल्या संध्याकाळी एक जण दिव्यापाशी बसून बुटाच्या तळव्याचे झिजलेले खिळे बदलतो आहे. 'खिळ्यांचे बूट' असे लिहिले तर मराठी वाचकाला धावपटूचे स्पाइक्स दिसणार. 'नाल ठोकलेले बूट' लिहिले तर फरसबंदीवर खाड्खाड् वाजणारी शिपायांची पलटण. शेवटी मी नालाच्याच बाजूने कौल दिला. आपल्याकडे धनगराच्या वहाणेलाही नाल असते, आणि ती मारणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला तिचे काम नेमके ठाऊक असते. चामडे झिजू नये आणि पाय घसरू नये, ही दोन्ही कामे डोंगरातल्या बुटाचे खिळेही करत.

एकोणिसाव्या शतकापासून पुढे कित्येक दशके आल्प्समध्ये आणि ब्रिटनच्या डोंगरांत असेच बूट चालत. जाड चामडे आणि तळव्याला लोखंड. मऊ लोखंडाचे खिळे तळव्याच्या कडेने ओळीत बसवत. धातू मऊ असल्यामुळे खडकाचा खरबरीतपणा त्यात रुतायचा. पुढे जिनिव्हाच्या फेलिक्स जेनेकाँ या गिर्यारोहकाने कठीण पोलादाचे दातेरी खिळे काढले आणि ते त्याच्या 'ट्रिकूनी' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर त्यांचे दाते टेकवून माणूस उभा राहू शके. ओल्या गवतावर, शेवाळलेल्या दगडावर हे बूट फार चांगले. ब्रिटनमधल्या जुन्या वाटांवर खिळ्यांचे ओरखडे अजून दिसतात.

पण लोखंड थंडी वाहून नेते. बर्फात प्रत्येक खिळा पायातली ऊब बाहेर ओढायचा. शिवाय हे बूट जड. त्यामुळे अवघड कातळ आला की लोक बूट पायथ्याशी काढून ठेवत आणि हलक्या, मऊ तळव्याच्या जोड्यांवर चढत. हवा चांगली असेपर्यंत ही सोय उत्तम होती.

सप्टेंबर 1935 मध्ये इटालियन आल्प्समधल्या पुंता राझिका या शिखरावर ती टिकली नाही. मिलानचे गिर्यारोहक विताले ब्रामानी आणि त्यांचे सहकारी याच रीतीने, जड बूट खाली ठेवून, वर गेले होते. वादळाने त्यांना गाठले. बर्फ पडला, कातळावर गोठले, आणि पायांतल्या हलक्या जोड्यांना ना पकड राहिली ना ऊब. सहा जण गारठून मेले. ब्रामानी वाचले.

या घटनेनंतर ब्रामानींनी जो प्रश्न घेतला तो आजही बूट निवडताना आपण विचारतो: कातळावर चढेल, चिखलात टिकेल, बर्फात गारठणार नाही, असा एकच तळवा होऊ शकेल का? पिरेली या टायर कंपनीच्या पाठबळाने त्यांनी व्हल्कनाइझ केलेल्या रबराचा, खोल खाचांचा तळवा तयार केला आणि 1937 मध्ये त्याचे पेटंट घेतले. खाचांच्या नक्षीला नाव मिळाले 'कारार्मातो', म्हणजे रणगाडा. स्वतःच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरे जोडून त्यांनी तळव्याला म्हटले 'वीब्राम'. आज देहरादूनपासून पुण्यापर्यंत कुठल्याही दुकानात बूट उलटा करून पिवळा अष्टकोन दाखवतात, तो याच नावाचा. त्यामागे सहा मृत्यू आहेत हे दुकानात कुणी सांगत नाही.

तळव्याची गोष्ट बहुधा 31 जुलै 1954 ला येऊन संपवतात. त्या दिवशी आकिले कोम्पान्योनी आणि लीनो लाचेदेल्ली हे दोन इटालियन केटूच्या माथ्यावर पोहोचले, आणि त्यांच्या बुटांना ब्रामानींचाच तळवा होता. मला मात्र त्याच्या आदल्या रात्रीपाशी थांबायचे आहे.

त्या रात्री वाल्टर बोनात्ती आणि हुंझाचे अमीर मेहदी शिखरवीरांसाठी प्राणवायूच्या नळ्या घेऊन वर आले होते. ठरल्या जागी तंबू नव्हता. अंधार पडल्यावर वरही जाता येईना आणि खालीही. सुमारे 8,100 मीटरवर, तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही, अशी रात्र दोघांनी बर्फात काढली. सकाळी नळ्या त्यांच्या धन्यांना मिळाल्या. इटालियनांच्या पायांत उंचीवरच्या थंडीसाठी बनवलेले बूट होते. मेहदींना मिळाले होते साधे लष्करी बूट, तेही दोन मापांनी लहान. त्यांच्या पायांची सगळी बोटे कापावी लागली. कित्येक महिने ते इस्पितळात होते. घरी आल्यावर त्यांनी आपली बर्फकुऱ्हाड नजरेआड ठेवायला सांगितली.

घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि जिथे रक्त नाही तिथे ऊब नाही. तळवा कितीही चांगला असला तरी माप चुकले की तो उपयोगाचा नाही. ब्रामानींनी तळव्याचा प्रश्न सोडवला होता. कुणाच्या पायाचे माप घ्यायचे, हा प्रश्न मोहिमेच्या हिशेबाचा होता आणि तो तसाच राहिला.

याच्या शेजारी एक दुसरी सकाळ ठेवून पाहावी. 29 मे 1953, एव्हरेस्टवरची शेवटची छावणी. एडमंड हिलरींनी रात्री बूट काढून ठेवले होते. सकाळी ते दगडासारखे गोठले आणि स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात जवळजवळ दोन तास गेले. तेनझिंग नोर्गे पायांत बूट घालूनच झोपले होते. ते बूट स्विस होते. आदल्या वर्षी दोन स्विस मोहिमांत ते सभासदाच्या मानाने चढले होते. दार्जिलिंगच्या त्या माणसाला आपल्या पायात काय असावे आणि ते कधी काढू नये, हे ठरवता आले. मेहदींना ते ठरवता आले नाही.

मी काही शिखरे चढणारी नाही. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावरून आणि सोप्या कातळटप्प्यांवरून हात टेकत जाणारी आहे. माळ्यावर सहा वर्षे जपून ठेवलेल्या माझ्या महागड्या बुटांचा तळवा एका घाटवाटेत अख्खा सुटून आला, तेव्हा कळले की तळव्याच्या वरचा पॉलियुरेथेनचा थर न वापरताही दमट हवेत कुजतो. सुतळीने बांधून उतरले. पुढे आमच्यासाठी पाणी घेऊन चालणारा गावातला मुलगा रबरी चपलेत होता.

आता बूट घ्यायला मी संध्याकाळी जाते, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जाड मोजे घालते, उतारावर उभी राहते, बोटे पुढे आपटत नाहीत ना आणि टाच उचलत नाही ना हे पाहते. तळवा अंगठ्याखाली सहज दुमडला तर कातळाच्या कडेवर तो साथ देणार नाही, म्हणून वाकवून बघते. दुकानदार कंटाळतो. पण पाच जोड घालून सहावा मागता येणे ही केवढी चैन आहे, हे मला मेहदींमुळे कळले. म्हणून हल्ली कुणाला सोबत न्यायचे ठरले, की मजुरी बोलण्याआधी मी त्याच्या पायाचे माप विचारते.