तगर म्हणजेच तेर : आपल्या शेजारचं प्राचीन नगर

बौद्ध स्थळं म्हटली की बोधगया, सारनाथ, सांची आणि अजिंठा ही नावं आपल्या घराघरात लेकरांनाही पाठ असतात. ती स्थळं थोर आहेत, यात वाद नाही. परंतु लातूरहून सकाळच्या एस.टी.नं निघून संध्याकाळी घरी परतता येईल, इतक्या जवळ एक प्राचीन नगर आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मुरूड, ढोकीवरून पुढं गेलं की तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव लागतं. पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव संत गोरा कुंभारांचं म्हणून सगळा महाराष्ट्र ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाचं नाव तगर होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाची प्रवासवही लिहिली. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर आहे आणि तिथून साधं सुती कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाते, असं त्यात नमूद आहे. पुढं कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजेसुद्धा स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवून घेत. मात्र हे तगर नेमकं कुठं, यावर विद्वानांत बराच काळ वाद चालला. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट या संशोधकानं तेर म्हणजेच तगर असं मांडलं आणि पुढं पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी इथल्या वास्तूंची माहिती प्रसिद्ध केली.

तेरमधली सर्वात महत्त्वाची वास्तू म्हणजे त्रिविक्रम मंदिर. आत विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची मूर्ती आहे आणि रोज पूजाअर्चा चालते. पण आपण मंदिराच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहावं. मागची भिंत चौकोनी नाही, अर्धगोल आहे. वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं फुगीर आहे आणि दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी कमान आहे. कार्ले, भाजे इथली चैत्यगृहं ज्यांनी पाहिली, त्यांना हे रूप लगेच ओळखू येतं. तिथं डोंगर कोरला, इथं मात्र विटांनी बांधलं. पुढचा सभामंडप नंतर जोडलेला आहे. हे मुळात बौद्ध चैत्यगृह होतं, असं कझिन्स यांचं मत होतं. आंध्रातील चेझर्ला इथलं कपोतेश्वर मंदिरही याच घडणीचं आहे. काही अभ्यासक मात्र त्रिविक्रम मंदिर नंतरच्या काळात मंदिर म्हणूनच बांधलं, असं मानतात.

वादाचा हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी तेरमध्ये धम्म नांदत होता याला भक्कम पुरावा आहे. उत्खननात इथं विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. इथल्या जुन्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत साळीचा कोंडा मिसळून वीट भाजली की कोंडा जळून जातो आणि वीट सच्छिद्र होते. यात चमत्कार काही नाही, ही कारागिरांची अक्कल आहे.

जवळच उत्तरेश्वराचं विटांचं मंदिर आहे. मग वस्तुसंग्रहालय बघायला विसरू नये. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू जिद्दीनं जमवल्या. आज त्यांच्याच नावानं तिथं शासकीय संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती असा हा ठेवा आहे. अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली सापडली. मराठवाड्याचा माल कुठवर पोचत होता, याचा अंदाज यावरून यावा.

सवड असेल तर धाराशिवची लेणीही पाहावीत. ती आज जैन लेणी म्हणून ओळखली जातात. काही अभ्यासक त्यांतील काही मुळात बौद्ध असल्याचं मानतात. याच भागातल्या कसबे तडवळे इथं फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. म्हणजे प्राचीन आणि अर्वाचीन असे आपले दोन्ही इतिहास इथं हाकेच्या अंतरावर आहेत.

आता प्रश्न असा, की हे बघून आपण काय करायचं? 'हे आमचं होतं' एवढं म्हणून भांडण काढणं सोपं आहे. त्यातून हाती काही लागत नाही. त्या मंदिरात आज श्रद्धेनं येणारी माणसंही आपलीच शेजारी आहेत. आपलं म्हणणं पुराव्यानं मांडावं, हीच बाबासाहेबांची शिकवण. त्यांनी ग्रंथ लिहिले ते आधार देऊन. पिढ्यान् पिढ्या ज्यांना वेशीबाहेर ठेवलं आणि 'तुम्हाला इतिहास नाही' असं ऐकवलं, त्यांच्या लेकरांनी जुनी वीट हातात घेऊन तिचा काळ विचारावा, यापेक्षा मोठं उत्तर नाही.

म्हणून आमची विनंती आहे की, नांदेड-लातूरकडच्या प्रत्येक विहारानं वर्षातून एकदा तरी मुलांची सहल तेरला न्यावी. सोबत वही-पेन्सिल असू द्यावी. भिंतीवर नावं कोरू नयेत. शेतात नाणं किंवा मणी सापडला, तर तो घरात न ठेवता संग्रहालयात द्यावा. लामतुरे यांनी एकट्यानं इतकं जपलं, तर आपण सगळ्यांनी मिळून किती जपू शकू!

जय भीम! भवतु सब्ब मंगलं!