दंड खेळाडूचा, चित्र कोणाचं?

जाहिरातीतला खेळाडू आपण रोज बघतो. त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंबही स्पष्ट दिसेल अशी प्रकाशयोजना असते. पण मैदानावर ज्याचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत चित्रांनी भरलेला असतो, त्याचाच हात जाहिरातीत कधी कधी कोराकरकरीत दिसतो. हे का होतं, आणि केव्हापासून, ते आज आपण अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या आधारे बघू.

सुरुवातीचं कारण सरळ होतं: लाज. लाज खेळाडूची नव्हे, विकणाऱ्याची. १९९९ च्या अखेरीस एनबीए या लीगच्या स्वतःच्या ‘हूप’ मासिकानं ॲलन आयव्हर्सनला मुखपृष्ठावर घेतलं आणि त्याच्या अंगावरचे टॅटू आणि दागिने चित्रातून पुसून टाकले. आयव्हर्सन भडकला, आणि आमच्या मते त्याचं बरोबरच होतं. त्या चित्रांत त्याची माणसं होती, त्याचं गाव होतं. तरुण कृष्णवर्णीय खेळाडूच्या अंगावरची शाई म्हणजे गुंडगिरी, असं एका मोठ्या गिऱ्हाईकवर्गाला वाटत होतं. खेळ विकायचा होता, खेळाडूचं आयुष्य नको होतं.

पुढच्या पाचच वर्षांत वारं फिरलं. आता टॅटू हीच विकायची गोष्ट झाली, आणि इथे खरी गंमत सुरू होते.

रशीद वॉलेस तेव्हा पोर्टलंडच्या संघात होता. १९९८ मध्ये तो मॅथ्यू रीड या तिथल्या टॅटू कलाकाराकडे गेला. इजिप्शियन धाटणीचं एक कुटुंब त्यानं दंडावर काढून घेतलं: राजा, राणी, मुलं आणि मागे सूर्य. रीडनं घेतले ४५० डॉलर. काम मोठं होतं, पैसे कमी होते. पण एवढा खेळाडू आपलं काम मिरवेल, त्यातून नाव होईल, हा हिशेब होता. २००४ मध्ये वॉलेस डेट्रॉइटकडून विजेता ठरला आणि त्याच सुमारास नायकेची जाहिरात आली. तिच्यात तो टॅटू ओझरता दिसत नव्हता. कॅमेरा थेट त्याच्यावर होता, संगणकाच्या मदतीनं तो रेघेरेघेनं उमटत होता आणि वॉलेस त्याचा अर्थ सांगत होता. म्हणजे जाहिरातीचा विषयच तो टॅटू! २००५ मध्ये रीडनं नायके, जाहिरात संस्था आणि खुद्द वॉलेस यांच्यावर दावा लावला. प्रकरण तडजोडीनं मिटलं, निकाल लागलाच नाही.

आता थोडा कायदा. अमेरिकेत चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. लेखी करार करून दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. पैसे मोजले, वेदना सोसली, कातडी आपली, तरीही. जाहिरात संस्थांच्या वकिलांना हे एकदम लक्षात आलं.

२०११ मध्ये त्यात भर पडली. माइक टायसनच्या चेहऱ्यावरचा टॅटू ‘द हँगओव्हर पार्ट २’ या चित्रपटात दुसऱ्याच पात्राच्या चेहऱ्यावर आला. मूळ कलाकार व्हिक्टर व्हिटमिल कोर्टात गेला. न्यायाधीशांनी प्रदर्शन थांबवलं नाही, पण त्याची बाजू भक्कम असल्याचं सांगितलं. वाद मिटला नाही तर घरगुती आवृत्तीत तो टॅटू संगणकावर बदलू, असं स्टुडिओनं सांगितलं होतं. पण जूनमध्ये समझोता झाला. पुढे अमेरिकी फुटबॉल खेळाडूंच्या संघटनेनं आपल्या सभासदांना सल्ला दिला की टॅटू काढणाऱ्याकडून आधी लेखी परवानगी घ्या. आणि कागद नसेल, तर वकिलाला सर्वांत सोपा वाटणारा उपाय एकच: झाका.

झाकणंही साधं नसतं, बरं का. शाई निळसर-काळी असते. तिच्यावर सरळ कातडीच्या रंगाचा थर दिला तर राखाडी डाग दिसतो. म्हणून आधी नारिंगी किंवा लालसर थर, मग कातडीचा रंग, मग पावडर आणि वरून टिकवणारा फवारा. एवढं करून खेळाडूला पळवलं की घाम येतो आणि रंग कपड्याला लागतो! मग उरलेलं काम संगणकावर, चौकटीमागून चौकट. त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा स्वस्त.

२०२० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं लेब्रॉन जेम्ससह तीन खेळाडूंच्या टॅटूंबाबत व्हिडिओ गेम कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. हे टॅटू आपल्या शरीराचा, आपल्या ओळखीचा भाग आहेत, असं लेब्रॉननं कोर्टाला लिहून दिलं होतं. ज्यानं काढले त्यानंच ते लोकांत दाखवायची मूक परवानगी दिली होती, असं न्यायालयानं मानलं. पण २०२२ मध्ये इलिनॉयमधल्या ज्यूरीनं कुस्तीगीर रँडी ऑर्टनच्या टॅटूंबाबत त्याच कंपनीच्या विरोधात कौल दिला.

आपल्याकडचा १९५७ चा कायदा इथे वेगळा पडतो. मोबदला देऊन कुणाकडून चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काढून घेणारा, असं त्याचं कलम १७ सांगतं. गोंदण हे ‘काढलेलं चित्र’ धरलं, तर इथला वॉलेस स्वतःच्या दंडाचा धनी ठरेल. वकील मात्र ‘धरलं तर’ या दोन शब्दांवरच भांडतील.