आठ वजिरांचें कोडें

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे मांडावयाचे कीं, एकही दुसऱ्याच्या माऱ्यांत येऊं नये. अशा मांडण्या किती? हें कोडें १८४८ सालीं जर्मनींत माक्स बेझेल यांनीं घातलें. थोर गणिती गाउस यांनीं १८५० सालीं प्रथम ७६ मांडण्या मोजल्या, मग चुकीच्या गाळून ७२ धरल्या. त्याच वर्षीं नाउक यांनीं ९२ हा आंकडा प्रसिद्ध केला आणि तोच खरा ठरला. गाउस यांच्या ठायीं बुद्धीची उणीव थोडीच होती! परंतु एकही मांडणी न सुटूं देतां अखेरपर्यंत मोजीत जाणें, हें कामच वेगळें.

१९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं, संगणकाची आज्ञावली कशी रचावी हें दाखविण्यासाठीं हेंच कोडें घेतलें. रीत साधी आहे. एकेका उभ्या रांगेंत एकेक वजीर ठेवीत जावें. निर्धोक घर न उरल्यास मागल्या वजिराकडे परतावें, त्याला पुढल्या घरांत सरकवावें आणि पुन्हां निघावें. हा क्रम पाळला कीं ९२ पैकीं एकही निसटत नाहीं.

तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून मीं मुलांना पुढें जावयास शिकविलें. वाट खुंटल्यास खुणेनें मागें कसें फिरावें, हें सांगावयाचें मात्र राहूनच गेलें.