जोडाक्षर जुळेपर्यंत: मुक्त संगणक, मराठी आणि मुंबईची उपनगरं

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण प्रश्न घरगुती आहे. सोसायटीची नोटीस, बँकेला पत्र, मुलांचा निबंध ही रोजची मराठी कामं लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर करता यायला इतकी वर्षं का लागली? आणि त्यात आपल्या उपनगरांचा वाटा काय?

आधी तारखा पाहू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्याकडे १९९६ पासून 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या. डायल-अपचा जमाना होता, एवढी मोठी प्रणाली फोनच्या तारेवरून उतरवून घेणं बिलाच्या दृष्टीने परवडणारं नव्हतं. सीडी आली, पण तिच्यात मराठी नव्हती.

त्या वेळी घाटकोपर, बोरिवलीतल्या डीटीपीच्या दुकानांत मराठी कशी चालायची? पेजमेकर, आणि जोडीला श्रीलिपी किंवा आकृती. या फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये असतं एखादं रोमन चिन्ह. तो फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा नुसता कचरा दिसतो. म्हणजे मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. पण मग नवं काम उभं राहिलं. फाइलमध्ये क, हलन्त आणि ष असे तीन वेगळे क्रमांक असतात. त्यांचा 'क्ष' करून दाखवायचा तो संगणकाने. 'कि' लिहिताना वेलांटी क्रमाने नंतर येते आणि दिसायला हवी आधी. ही समज तेव्हाच्या लिनक्सला नव्हती.

इथे जुहूचा संबंध येतो. एनसीएसटी ही सरकारी संस्था १९८५ साली स्थापन झाली आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिच्या 'इंडिक्स' प्रकल्पाची कल्पना अशी होती, की पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या 'एक्स विंडो' यंत्रणेतच जोडाक्षरांची समज घालायची. पुढे जगाने वेगळी वाट धरली. २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ डेस्कटॉपने हे काम 'पँगो' या स्वतंत्र घटकाकडे दिलं. पण प्रश्न नेमका काय आहे, हे जुहूत ओळखलं गेलं होतं.

याच संस्थेत र. कृ. जोशी काम करत होते. कवी, सुलेखनकार, आणि त्याआधी पवईच्या आयआयटीत अक्षररचनेचे शिक्षक. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. आणि मुक्त परवान्याखाली निघालेला 'रघु मल्याळम' हाही त्यांचाच. केरळची लिपी, घडली जुहूत. एकाच हाताने दोन्ही जगांना अक्षरं दिली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. उपनगराच्या वेशीबाहेर माटुंग्याला, व्हीजेटीआयचे प्राध्यापक जितेंद्र शाह यांच्या पुढाकाराने इंडिकट्रान्स गटाने 'गार्गी' हा मुक्त देवनागरी फॉन्ट केला. मुंबईतूनच सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने डेस्कटॉपचं हिंदी रूप घडवलं.

मराठीचे स्वतःचे हट्ट वेगळेच. 'दऱ्या'मधला ऱ्य, हिंदीहून निराळे ल आणि श. आणि 'ॲम्ब्युलन्स'मधला ॲ? त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली थेट २००८ साली!

पवईत पुढे स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिबरऑफिस कसं वापरावं याचे छोटे धडे, मराठी आवाजातही. तरी दुकानं बदलली का? फारशी नाहीत. कारणं साधी आहेत. चोरीचं विंडोज फुकटच मिळायचं, त्यामुळे 'लिनक्सला पैसे लागत नाहीत' याचं कुणाला कौतुक नव्हतं. टायपिस्टचे हात रेमिंग्टनवर बसलेले, आणि मागची सगळी कामं जुन्या फॉन्टांत अडकलेली.

म्हणून आम्हाला वाटतं, 'फुकट' हा शब्द या विषयात फसवा ठरला. मोलाचं आहे ते आपलं लिखाण कुठल्याही यंत्रावर उद्याही उघडणं. जोडाक्षरं आता सगळीकडे जुळतात. लिनक्सवर, फोनवर, विंडोजवरही. अडकलीत ती जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल. तुमच्या मंडळाची, वाचनालयाची अशी फाइल एखाद्या जुन्या संगणकात पडली असेल, तर तो संगणक आणि तो फॉन्ट चालू आहे तोवर ती युनिकोडमध्ये आणा. भंगारवाला नेईल तेव्हा त्याच्याबरोबर मजकूरही जाईल.

आता प्रश्न घेऊ.